एकाचा आराखडा, दुसऱ्याचे साधन

पुण्याहून नगरकडे येताना शहराच्या अलीकडे केडगाव लागते. दौंडजवळचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव ते निराळे; हे रेणुकामातेच्या ठाण्याचे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर महापालिकेत ते केव्हाच मिसळून गेले आहे. ते ओलांडून शहराकडे निघाले की कायनेटिक चौक येतो. ज्या कारखान्यामुळे चौकाला हे नाव पडले, त्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना रस्त्यावर आणली. लूना मुळातली इथली नव्हे. इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९६७ साली काढलेल्या ‘चाओ’ नावाच्या मोपेडच्या परवान्यावर ती उभी राहिली. इटालियन मेजावर काढलेली ड्रॉइंगे मराठी फिटर-टर्नरांच्या हाती आली, त्यांनी ती वाचली आणि भाग घडवले. यात कुणालाही नवल वाटले नाही, कारण त्या नवलाची किंमत आधीच्या पावणेदोनशे वर्षांनी चुकती करून ठेवली होती. सॉफ्टवेअरच्या जगाला मात्र ही साधी वाटणारी गोष्ट अजून पुरती जमलेली नाही. एका कंपनीच्या साधनात काढलेला सॉफ्टवेअरचा आराखडा दुसऱ्या कंपनीच्या साधनात उघडला तर तो धड उघडेल याची खात्री देता येत नाही. हे असे का झाले, हे पाहायला आपण थोडे मागे जाऊ.

मागे म्हणजे फ्रान्समधल्या मेझिएर गावी, तिथल्या शाही लष्करी अभियांत्रिकी शाळेत. १७६०च्या दशकात गास्पार माँज नावाच्या तरुण नकाशाकाराला एका किल्ल्याच्या तटबंदीचे गणित सोडवायला दिले. त्याने आकडेमोडीऐवजी रेषांनी उत्तर काढले, आणि तेही इतक्या लवकर की वरिष्ठांचा आधी विश्वास बसेना. घन वस्तू कागदावर दोन प्रतलांत उतरवायची त्याची पद्धत इतकी उपयोगी ठरली की लष्कराने ती गुपित ठेवली. राज्यक्रांतीनंतर १७९५ साली माँजने ती उघडपणे शिकवली आणि १७९९ साली तिचे पुस्तक निघाले. पद्धत खुली झाली, तरी चिन्हे कारखान्यागणिक वेगळीच राहिली. ब्रिटनला ड्रॉइंगचे राष्ट्रीय मानक, बीएस ३०८, काढायला १९२७ साल उजाडले. आपल्याकडे १९४७ साली स्थापन झालेल्या इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने पुढे हे काम हाती घेतले. आज आयटीआयपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळ्यांच्या हाती असलेले एसपी ४६ हे पुस्तक पहिल्यांदा १९८८ साली निघाले. दृश्ये ‘फर्स्ट अँगल’मध्ये मांडली आहेत की ‘थर्ड अँगल’मध्ये, हे सांगणारे छोटे चिन्ह कोपऱ्यात असते. ते वाचायचे राहिले तर डाव्या हाताचा जॉब उजव्या हाताचा होऊन बसतो, हे नगरच्या एमआयडीसीत कुणालाही विचारावे.

सॉफ्टवेअरच्या आकृत्यांचा वंश या यंत्र-ड्रॉइंगांपेक्षा वेगळ्या घरातून येतो. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडले. त्यांचा विषय कामगाराच्या हालचाली हा होता. पाव शतकानंतर, १९४७च्या सुमाराला, हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाच्या गणिताचा प्रवाह दाखवायला तशाच आकृत्या वापरल्या. पुढे आयबीएमने चौकट, चौकोन, बाण कोरलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या. पट्टी कागदावर ठेवायची आणि पेन्सिल फिरवायची. सॉफ्टवेअरचा आराखडा काढणारे सर्वांत पहिले ‘साधन’ ते हेच. या काळात देवाणघेवाणीचा प्रश्नच नव्हता. अमोनिया प्रिंटचा वास मारणारा कागद कुठल्याच कंपनीच्या कुलपात नसे. चिन्ह जरा वेगळे असले तर वाचणारा माणूस ते समजून घेई.

कुलूप आले ते पडद्याबरोबर. सत्तरीच्या दशकात विमान आणि मोटारींचे भाग संगणकावर काढले जाऊ लागले. कॉम्प्युटरव्हिजन, अ‍ॅप्लिकॉन अशा प्रत्येक कंपनीने आपापली फाइल आपल्याच रीतीने लिहिली. दहा कंपन्यांची साधने एकमेकांना कळायला हवी असतील, तर जोडीजोडीने नव्वद दुभाषी लागतात. मध्ये एक तटस्थ रूप ठेवले, तर प्रत्येकाचा एक जाण्याचा आणि एक येण्याचा असे वीस पुरतात. हे गणित शाळकरी आहे. पण ते अमलात आणायला बोइंग आणि जनरल इलेक्ट्रिकसारखी तगडी गिऱ्हाइके आणि अमेरिकी संरक्षण खात्याचा रेटा लागला. १९७९ साली नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेच्या छत्राखाली ‘आयजेस’ नावाचे तटस्थ रूप ठरले आणि १९८१ साली ते राष्ट्रीय मानक झाले. त्याच्या फाइलीतली प्रत्येक ओळ ऐंशी अक्षरांची, पंचकार्डाच्या मापाची, कारण घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कार्डेच होती. आयजेस रेषा आणि पृष्ठभाग पोचवी. भोक हे ‘भोक’ आहे, आटे पाडायचे आहेत, हा अर्थ मात्र वाटेत गळे. म्हणून १९८४ साली ‘स्टेप’चे काम सुरू झाले आणि आयएसओ १०३०३ या क्रमांकाने त्याचे पहिले भाग प्रसिद्ध व्हायला १९९४ उजाडले. मधल्या काळात १९८२च्या ऑटोकॅडबरोबर आलेले डीएक्सएफ हे एका कंपनीचे खासगी रूप कुठल्याही समितीला न विचारता जगभर पसरले. आजही लेझर कटिंगवाला डीएक्सएफ मागतो आणि व्हीएमसीवाला स्टेप मागतो. मानके कुठे मुरली हे पाहायचे तर समित्यांच्या अहवालांपेक्षा जॉबवर्क करणाऱ्यांची मागणी पाहावी, असे मला वाटते.

सॉफ्टवेअरवाल्यांनी या अनुभवाकडे बराच काळ पाठ फिरवली. त्यांच्यातला एक पूर्वज आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे: मिशिगन विद्यापीठातले डॅनियल टाइशरो. साठीच्या दशकाअखेरीस त्यांनी ‘इस्डोस’ प्रकल्प सुरू केला आणि त्यातून पीएसएल ही भाषा आणि पीएसए हा तपासनीस निघाला. होऊ घातलेल्या प्रणालीत काय आत येते, काय बाहेर जाते, कोण कशावर अवलंबून आहे, हे सारे वाक्यांत लिहायचे. संगणक ते साठवून विसंगती दाखवी. आकृती हवीच तर त्या नोंदींवरून काढून मिळे. म्हणजे नोंद आधी, चित्र नंतर. पण काळाचा कल चित्रांकडे होता. १९७६ साली पीटर चेन यांनी माहितीच्या नात्यांच्या आकृत्या मांडल्या, पाठोपाठ डीमार्को, गेन आणि सार्सन यांची पुस्तके आली. १९८४च्या सुमाराला पीसीवर चालणारे ‘एक्सलरेटर’ आले आणि चित्रे काढून देणाऱ्या साधनांचा बाजार फुलला. त्यांना ‘केस टूल्स’ म्हणत. सप्टेंबर १९८९मध्ये आयबीएमने ‘एडी/सायकल’ जाहीर केले: सगळ्या साधनांनी आपले आराखडे आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या एका मध्यवर्ती कोठारात ठेवावेत. आयबीएमने इंडेक्स टेक्नॉलॉजी, नॉलेजवेअर आणि बाकमन या तीन साधन-कंपन्यांत थोडाथोडा हिस्साही घेतला. तीन-चार वर्षांत बेत विरला. कोठार अवजड होते आणि जग तोवर पीसीकडे निघाले होते. माझ्या मते खरी अडचण निराळी होती. सर्वांनी एकमेकांशी बोलावे, पण आमच्या अंगणात येऊन, असे बलाढ्य कंपनी म्हणते, तेव्हा बाकीच्यांना ते मैत्रीपेक्षा मांडलिकत्व वाटते.

मराठी वाचकाला ही अवस्था परकी नाही. नव्वदीच्या दशकात छापखान्यात ‘श्रीलिपी’ या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला मजकूर दुसऱ्याच्या ‘आकृती’ या सॉफ्टवेअरमध्ये किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये उघडला की अक्षरांचे कडबोळे होई. पडद्यावर दोन्हीकडे ‘क’च दिसे, पण पोटातला क्रमांक प्रत्येकाचा निराळा. इस्की हे भारतीय मानक १९९१ साली आलेले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी डीटीपीवाल्यांना कन्व्हर्टरवर आणखी पंधरा-वीस वर्षे काढावी लागली. चित्र एक आणि पोटातली नोंद दुसरी, हाच आपल्या गोष्टीतलाही पेच आहे.

तो पेच सोडवायची खरी कल्पना अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनच्या एका समितीतून आली. १९८७ साली सुरू झालेल्या तिच्या कामाचे नाव ‘सीडिफ’. १९९१ आणि १९९४ साली तिची मानके निघाली. नाव आज फारसे कुणी घेत नाही. तिच्या आणि आयएसओच्या १९९०च्या एका मानकाच्या विचारात चार पायऱ्या होत्या. नगरच्याच एखाद्या पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. तळाला प्रत्यक्ष सभासद आणि त्याचे कर्ज. त्याच्या वरच्या पायरीला ‘सभासद’ आणि ‘कर्ज’ या कल्पना, म्हणजे आराखडा. त्याच्याही वर ‘वर्ग’, ‘गुणधर्म’, ‘संबंध’ या आराखड्याच्या विटा. आणि सर्वांत वर, विटा कशा बनतात ते सांगणारे मोजके नियम. दोन साधनांच्या विटा वेगळ्या असल्या तरी विटा बनवण्याचे नियम एक असतील, तर एकाच्या विटांचे वर्णन दुसऱ्याला वाचता येते. फाइलीचे रूप ठरवण्याआधी आराखड्याचा आराखडा ठरवा, एवढे या समितीने सांगून ठेवले. त्या काळी ते फार थोड्यांनी ऐकले.

पुढचे वळण व्यापाराने घडवले. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन हे आकृत्यांच्या तीन घराण्यांचे प्रमुख. ऑक्टोबर १९९४मध्ये रम्बॉ जनरल इलेक्ट्रिक सोडून बूच यांच्या रॅशनल कंपनीत आले, वर्षभरात जेकबसनही आले. त्यातून यूएमएल ही सामाईक चित्रभाषा झाली. १९८९ साली स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघटनेने, म्हणजे ओएमजीने, नोव्हेंबर १९९७मध्ये ती स्वीकारली आणि तिच्याबरोबर ‘मॉफ’ हे सर्वांत वरच्या पायरीचे नियमही. फेब्रुवारी १९९८मध्ये खुणा घातलेल्या मजकुरात माहिती लिहिण्याची एक्सएमएल ही रीत आली. आयबीएम, युनिसिस आणि ओरॅकल यांनी पुढाकार घेऊन मॉफ आणि एक्सएमएल यांची सांगड घातली आणि १९९९ साली ‘एक्सएमआय’ निघाले: कोणताही आराखडा मजकूर-फाइलीत उतरवण्याची एक रीत. आता सुटलो, असे सर्वांना वाटले. पण एक्सएमआयच्या आवृत्त्या झाल्या, मॉफच्या झाल्या, यूएमएलच्याही झाल्या. ‘आम्ही एक्सएमआय देतो’ म्हणणाऱ्या दोन कंपन्या प्रत्यक्षात दोन बोलीभाषा बोलू लागल्या. त्यात सुरुवातीच्या एक्सएमआयमध्ये चौकटी कागदावर कुठे आहेत, याची नोंदच नव्हती. आराखडा पलीकडे पोचे, चित्र पोचत नसे. महिनाभर बसून नीट मांडलेल्या आकृतीच्या जागी पलीकडच्या माणसाला नावांची यादी मिळे.

आता आपण नगर-पुणे रस्त्याने उलटे जाऊ, कारण या गोष्टीचा एक दुवा हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. १९८१ साली फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर, टीआरडीडीसी, पुण्यात सुरू झाले. धातू आणि मृत्तिकाशास्त्राचे गाढे अभ्यासक ई. सी. सुब्बाराव त्याचे पहिले संचालक. सॉफ्टवेअरच्या बाजूला केशव नोरी होते, ज्यांचे नाव पास्कल भाषेच्या पी-कंपायलरशी जोडलेले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची, टीसीएसची, गरज रोकडी होती. बँका आणि विमा कंपन्यांच्या प्रचंड प्रणाली बांधायच्या. व्यवहाराचे नियम तेच, पण तंत्र दर काही वर्षांनी बदलणारे, आज मेनफ्रेम, उद्या क्लायंट-सर्व्हर, परवा जावा. तेव्हा नियम आराखड्यात ठेवा आणि कोड आराखड्यातून आपोआप काढा, या विचाराने विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी, आर. वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात काम केले. आराखड्याचे आराखडे सांभाळणारी ‘एडेक्स’ ही प्रणाली आणि तिच्या जोडीने ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन त्यातून घडले. ‘मॉडेल-ड्रिव्हन’ हा शब्द जगभर गाजण्याआधी हडपसरमध्ये त्यावर रोजची कामे चालू होती. कुलकर्णी आणि रेड्डी यांचा त्या अनुभवावरचा लेख २००३ साली ‘आयईईई सॉफ्टवेअर’मध्ये आला.

अशा ठिकाणी एक प्रश्न रोज उभा राहतो: एका घाटाचा आराखडा दुसऱ्या घाटात बदलायचा कसा? रूप एक असून भागत नाही, रूपांतराचे नियम लिहायलाही भाषा लागते. ओएमजीने एप्रिल २००२मध्ये नेमक्या अशा भाषेसाठी प्रस्ताव मागवले. नाव क्यूव्हीटी. आठ प्रस्ताव आले. त्यांतल्या ‘क्यूव्हीटी पार्टनर्स’ या गटात ब्रिटिश विद्यापीठांतल्या संशोधकांबरोबर टीसीएस होती. गटाचा आग्रह असा की रूपांतर म्हणजे पायऱ्यांची यादी नसावी. दोन आराखड्यांत कोणते नाते टिकले पाहिजे ते सांगावे, म्हणजे नियम दोन्ही दिशांनी लावता येतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की कामे अखेर पायऱ्यांनीच होतात. बरीच ओढाताण झाली. नोव्हेंबर २००५मध्ये मान्य झालेल्या आणि २००८ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या मानकात तडजोड स्पष्ट दिसते: एकाच्या जागी तीन भाषा, रिलेशन्स, कोअर आणि ऑपरेशनल. त्यांतल्या रिलेशन्सवर चालणारे ‘मॉडेलमॉर्फ’ हे साधन टीआरडीडीसीने पुण्यात बनवले. क्यूव्हीटी बाजारात फारशी रुजली नाही, हे मान्य करावे लागते. अनेकांनी नान्तच्या संशोधकांची एटीएल ही भाषा किंवा साधा जावा वापरला. तीन भाषांचे मानक म्हणजे तीन पाहुण्यांना न दुखावणारे जेवण, ते चवीने कोण जेवणार! तरीही दोन्ही दिशांनी चालणाऱ्या रूपांतराचा अभ्यास आज ज्या शब्दांत होतो, त्यांतले बरेच शब्द त्या वादात घडले. मराठी मुलखातल्या एका संस्थेने या जागतिक मानकात आपला हात लावला, याची नोंद आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

मानक कागदावर असूनही फाइली जुळत नव्हत्या, यावर तोडगा निघाला तो अगदी साधा. २००९च्या सुमारास ओएमजीत एक कार्यगट बसला. आयबीएम, स्पार्क्स, नो मॅजिक, सॉफ्टीम असे एकमेकांचे स्पर्धक त्यात होते. ठरलेली आकृती प्रत्येकाने आपल्या साधनात काढायची, फाइल बाहेर काढायची आणि बाकीच्यांनी ती उघडून काय बिघडले ते सांगायचे. मानकातच जिथे दोन अर्थ निघत होते, त्या जागा अशा चाचण्यांतून उघड्या पडल्या. फाइली तपासायचे तटस्थ साधन पुरवले एनआयएसटी या अमेरिकी सरकारी संस्थेने. ही एनआयएसटी म्हणजे १९८८ साली नाव बदललेली तीच नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स, जिच्या छत्राखाली तीस वर्षांपूर्वी आयजेस ठरले होते. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच तपशील. गिऱ्हाइकाचा रेटा आणि ज्याला काही विकायचे नाही असा पंच, या दोन गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथेच फाइली जुळल्या. एडी/सायकलमध्ये पंच नव्हता, क्यूव्हीटीमागे गिऱ्हाइकाचा रेटा नव्हता.

मोटार उद्योगाने या दोन्ही अटी ओळखून तिसरीच वाट काढली. एका गाडीत इंजिन एकाचे, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, ब्रेक तिसऱ्याचे. प्रत्येकाचे गणिती मॉडेल वेगळ्या साधनात. कुणीही आपले गणित उघडे करायला राजी नाही. मॉडेलिसार या युरोपीय प्रकल्पात डाइम्लरच्या पुढाकाराने २०१० साली ‘एफएमआय’ निघाले. त्यात मॉडेल ‘एफएमयू’ नावाच्या बंद डबीत जाते: आत तयार यंत्रसंकेत, बाहेर एक्सएमएलची चिठ्ठी, की अमुक आत द्या, तमुक बाहेर मिळेल. माँजच्या वरिष्ठांनी पद्धतच कुलपात ठेवली होती. इथे पद्धत खुली आणि फक्त मजकूर कुलपात. २०१४ साली दुसरी आणि २०२२ साली तिसरी आवृत्ती आली. पुणे-चाकणच्या वाहन-सॉफ्टवेअर कंपन्यांत एफएमयू हा आता रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. फाळणीच्या वेळी चकलाल्याहून नगरला आलेल्या संस्थेतून वाढलेली व्हीआरडीई ही वाहन-संशोधन संस्था आणि तिचा चाचणी-पथ केडगावापासून फार दूर नाही. गाडी तिथल्या रस्त्यावर उतरण्याआधी तिचे भाग संगणकात एकत्र चालवून पाहायचे, हा एफएमआयचा खटाटोप.

आणि आराखड्यांच्या चित्रभाषेचे काय झाले? यंत्र, वीज आणि सॉफ्टवेअर यांचा एकत्र आराखडा काढणारी सिसएमएल ही यूएमएलची धाकटी बहीण २००७ साली आली होती. तिची दुसरी आवृत्ती ओएमजीने २०२५ साली मान्य केली आणि तिने यूएमएलचे घर सोडले. ‘केरएमएल’ नावाच्या नव्या पायावर ती उभी आहे. तिच्यात आराखडा वाक्यांत लिहिता येतो; चित्र हे त्या मजकुराचे एक दर्शन. टाइशरोंना हे वाचून गंमत वाटली असती. फाइलीची देवाणघेवाण आहेच, पण तिच्या जोडीला साधनांनी आराखड्याच्या कोठाराशी थेट कसे बोलावे, याचे प्रमाणित नियमही आले आहेत. आयबीएमला १९८९ साली हवे होते तेच कोठार, फक्त कुणा एकाच्या अंगणात नसलेले. मात्र जुन्या सिसएमएलमध्ये काढलेले आराखडे विमान-कंपन्यांच्या आणि संरक्षण-प्रकल्पांच्या कपाटांत पडून आहेत आणि ती विमाने अजून काही दशके उडायची आहेत. म्हणून नव्या मानकाचा एक संपूर्ण भाग पहिल्या आवृत्तीतून दुसरीत नेण्याच्या नियमांना वाहिलेला आहे, आणि साधन बनवणाऱ्या कंपन्या सध्या तो आपापल्या साधनांत उतरवायच्या मागे आहेत.